बाटलीतला साका

लग्न होऊन मी पाषाणला आले ती १९८८ साली. त्याच वर्षी पितृपंधरवड्यात सासूबाईंनी घरातल्या सगळ्या गोधड्या बाहेर काढल्या, दोन गाठोडी बांधली आणि म्हणाल्या, "चल, नदीवर जाऊ." सोमेश्वराच्या देवळापासून थोडं खाली रामनदीच्या पात्रात मोठे सपाट धोंडे होते. सकाळी लवकर जाऊन जागा धरावी लागायची. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही, दोघींनी दोन टोकं धरून पिळायची असते. घट बसायच्या आत गोधड्या धुऊन वाळल्या पाहिजेत हा घरचा नियम होता. पाणी गुडघ्याएवढं होतं आणि त्यातून पायाची बोटं स्वच्छ दिसायची. बारीक मासे टाचा टोचायचे. तहान लागली की सासूबाई काठाला रेतीत हाताने खड्डा करायच्या, पहिलं गढूळ पाणी ओंजळीने उपसून टाकायच्या आणि मग आत हळूहळू झिरपून आलेलं निवळ पाणी प्यायच्या. मीही प्यायले आहे ते.

ते धोंडे आजही तिथेच आहेत. आमच्या सोसायटीपासून चालत सात मिनिटं. परवापरवापर्यंत त्यांच्यावर शेवाळासारखा राखाडी, बुळबुळीत थर होता आणि खालचा चिखल काठीने ढवळला की काळा धूर सुटावा तसा वर यायचा.

रामनदी पुण्याबाहेरच्यांना माहीत असायचं कारण नाही. भूगावच्या अलीकडे-पलीकडे खाटपेवाडीच्या बाजूला ती उगम पावते, बावधनवरून पाषाण तलावात उतरते, तलावातून निघून सुतारवाडी, सोमेश्वरवाडी करत राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरातून जाते आणि औंधला मुळा नदीला मिळते. सगळी लांबी १८-१९ किलोमीटर. दमदार माणूस एका दिवसात उगमापासून संगमापर्यंत चालून जाईल. १९९७ मध्ये आमचा भाग महापालिकेत आला, मग हमरस्ता रुंद झाला, शेतांचे प्लॉट झाले. कधीतरी त्या धामधुमीत लोक तिला 'नाला' म्हणायला लागले. मला ते पहिल्यांदा जाणवलं तेव्हा एका नव्या इमारतीचा पत्ता सांगताना रिक्षावाला म्हणाला होता, "ती नाल्याशेजारची ना?" घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या वर्षी गोधड्या गच्चीवर धुतल्या. २०१० च्या ऑक्टोबरात एका रात्री धो-धो पाऊस झाला आणि नदी काठच्या घरांत शिरली, तेव्हा "नाल्याला पूर आला" असंच सगळे म्हणत होते. नाल्याला पूर येत नसतो. पूर नदीला येतो, आणि तिची जागा आपण घेतलेली असली की तो घरात येतो.

मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर नदीवरच्या रविवारच्या कामाला जायला लागले. औंधला राम-मुळा संगमावर 'जीवितनदी' संस्थेची मंडळी किनारा दत्तक घेऊन काम करतात, तिथे पहिल्यांदा गेले. वाळुंजाची झाडं मी तिथे नीट बघितली: पाण्यात पाय सोडून उभी, लांबट पानांची, नदीकाठाशिवाय कुठे न रमणारी. मग आमच्या बाजूला आम्ही सात-आठ जण जमलो. माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी, एक निवृत्त ओव्हरसियर, कॉलेजची मुलं. दर रविवारी पोती भरायची. प्लॅस्टिक, थर्माकोल, फ्रेम केलेले देवांचे फोटो, गाद्या, राडारोडा. दोन तास राबलं की काठ मोकळा दिसायचा, फोटो निघायचे, छान वाटायचं. मला त्या कामाबद्दल आदर आहे, आजही करते. पण पाणी? पाणी होतं तसंच काळं. वासही तोच. नदीकाठच्या फ्लॅटमधली माझी एक मैत्रीण म्हणायची की देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन आठवड्यात काळं पडतं. तो हायड्रोजन सल्फाइडचा प्रताप. प्राणवायू संपलेल्या पाण्यात जे जीवाणू उरतात, त्यांचा तो उच्छ्वास.

म्हणून मी बाटली घेऊन जायला लागले.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची विंक्लरची पद्धत बारावीनंतर ज्यांनी रसायनशास्त्र सोडलं त्यांच्यासाठी सांगते. तीनशे मिलिलिटरची, घासलेल्या काचेच्या बुचाची बाटली असते. ती पाण्यात तिरपी धरून अलगद भरायची. आत एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण बुडबुड्यातला प्राणवायू नदीच्या खात्यावर जमा होतो. एक लिटर हवेत अडीचशे मिलिग्रॅमहून जास्त प्राणवायू असतो आणि २५ अंशाच्या स्वच्छ पाण्यात एका लिटरमध्ये जेमतेम ८. माशांना जगायला त्यातले निदान ४-५ तरी लागतात. एवढ्याशा पुंजीवर नदीचा सगळा संसार चालतो. बाटली भरली की पिपेट पाण्यात बुडवून आधी मँगनीज सल्फेट सोडायचं, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड. बूच लावून बाटली सावकाश उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढराच राहतो, नासलेल्या दुधासारखा. पुढे आम्ल घालून टायट्रेशन करायचं आणि आकडा काढायचा. पण खरी बातमी त्या रंगातच कळते.

त्या धोंड्यांवर बसून मी पहिली बाटली केली. पांढरा. पांढराशुभ्र. मुली वाकून बघत होत्या. एक म्हणाली, "टीचर, रिएजंट जुनं झालं असेल." बरोबर शंका होती, मीच त्यांना तशी शंका घ्यायला शिकवलेलं. आम्ही पिण्याच्या बाटलीतलं पाणी घेऊन तीच रसायनं घातली. तत्काळ तपकिरी. दोन्ही बाटल्या धोंड्यावर शेजारी ठेवल्या. कुणी काही बोललं नाही. (हे सगळं द्रावण मी कॅनमध्ये साठवून कॉलेजच्या प्रयोगशाळेत परत नेते. अझाइड विषारी असतं, ते नदीत ओतायचं नाही. नवीन कुणी करणार असाल तर हे आधी पाठ करा.)

पुढच्या रविवारी खाटपेवाडीला जाऊन वरच्या पाण्याची बाटली केली. तपकिरी, दाट. म्हणजे नदी घरून निघते तेव्हा धडधाकट असते. वाटेत तिचं काय होतं ते शोधायचं होतं.

त्याचा हिशेब मी फळ्यावर मांडायचे तसा इथे मांडते. नगररचनेत माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. चार माणसांच्या घरातून रोज सव्वाचारशे लिटर. घरगुती मैलापाण्याची बीओडी लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असते, म्हणजे तेवढं पाणी कुजून शांत व्हायला इतका प्राणवायू लागतो. मघाशी सांगितलं की स्वच्छ पाण्याच्या लिटरमध्ये ८ मिलिग्रॅम. एक लिटर मैलापाणी पचवायला सुमारे तीस लिटर स्वच्छ पाण्याचा सगळा प्राणवायू खर्ची पडतो. एका घराचं रोजचं सांडपाणी म्हणजे बारा-तेरा हजार लिटर नदी. आपल्याकडे टँकर दहा हजार लिटरचा असतो. एक भरलेला टँकर आणि वर थोडं, रोज, एका फ्लॅटमागे. उन्हाळ्यात रामनदीत एवढं पाणी असतंच कुठे?

मग आम्ही पोती बाजूला ठेवून वही घेतली आणि तलावाच्या सांडव्यापासून देवळापर्यंत दोन्ही काठ पायी धुंडाळले. नदीत उघडणारं प्रत्येक तोंड: पाइप, मोरी, फुटलेलं चेंबर, भिंतीतलं भोक. त्याला नंबर द्यायचा, वेळ लिहायची, वास, रंग, फेस. एकाच जागी वेगवेगळ्या वेळी गेलं की कळतं, सकाळी साडेसहा ते आठ नदीला आंघोळीची भरती येते. अकराच्या सुमारास वॉशिंग मशिनचा फेस. दुपारी तीनला ओहोटी. त्या फेसाखाली शेकाट्यांचे थवे चरत असतात, लांब गुलाबी पायांचे, फार देखणे पक्षी. फोटो काढणारे खूश होतात. पण शेकाट्या इतक्या संख्येने जमतात त्या चिखलातल्या लाल अळ्यांसाठी, आणि त्या अळ्या प्राणवायू नसलेल्या चिखलातच माजतात. पूर्वी तिथे खंड्या असायचा. त्याला मासा लागतो.

डिसेंबरातल्या एका पहाटे सहा नंबरच्या तोंडातून वाफ येताना दिसली. कडाक्याची थंडी होती, सगळं पात्र गार आणि तेवढ्याच एका पाइपमधून गरम श्वास सोडल्यासारखी वाफ. ओव्हरसियरकाका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, हा पावसाळी गटाराचा पाइप आहे. डिसेंबरात वाहायचं त्याला कारण काय?"

तो पाइप कुठून येतो ते जमिनीवरून कळेना. वर रस्ता, पार्किंग, दोन-तीन सोसायट्या. मी प्रयोगशाळेतून चिमूटभर फ्लुओरेसिन आणलं. पूड नारिंगी-तांबडी असते, पाण्यात पडली की झळाळता हिरवा रंग येतो, आणि इतक्या थोड्या प्रमाणात ती निरुपद्रवी असते. पहिल्या दोन सोसायट्यांच्या चेंबरमध्ये घातलं, काही आलं नाही. तिसरी आमची होती. सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीशेजारी एक झाकण आहे, त्याखाली ओव्हरफ्लोचा पाइप. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी तिथे रंग ओतला. आमच्यातला कॉलेजचा एक मुलगा नदीवर उभा होता. नवव्या मिनिटाला फोन वाजला. "टीचर, हिरवं आलं."

मी तशीच तिथे उभी राहिले. डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर माझं स्वयंपाकघर. मी ज्या नदीच्या काठी रविवारी पोती भरत होते तिच्यात सोमवार ते रविवार माझंच खरकटं जात होतं. सासूबाई असत्या तर त्यांना तोंड दाखवता आलं नसतं.

सर्वसाधारण सभेत मी दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या, एक पांढरी आणि एक तपकिरी. भांडायचं नाही असं ठरवून गेले होते. सोसायटीचा सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लँट दोन वर्षं बंद होता, कारण टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं वीजबिल. कुणी वाईट माणसं नव्हती. "पाणी ड्रेनेज लाइनलाच जातं" असं सगळ्यांना खरोखर वाटत होतं. लाइन तुंबलेली होती आणि कुणीतरी कधीतरी सोपा रस्ता म्हणून पावसाळी गटाराला जोड दिला होता. एक सद्गृहस्थ म्हणाले, "मॅडम, नदीसाठी सरकारचा एवढा मोठा प्रकल्प आहे ना?" आहे. मुळा-मुठेच्या प्रदूषणावर २०१६ मध्ये ९९० कोटींचा प्रकल्प मंजूर झाला, जपानच्या मदतीने, ११ शुद्धीकरण केंद्रं, रोज ३९ कोटी ६० लाख लिटरची क्षमता. पण केंद्र कितीही मोठं असलं तरी पाइपमधून त्याच्यापर्यंत जे पोचतं तेवढंच ते शुद्ध करणार. पावसाळी गटारात पडलेलं पाणी कुठल्याही केंद्राच्या वाटेला जात नाही, ते थेट नदीत. मी त्यांना हिरव्या रंगाचा व्हिडिओ दाखवला. शेवटी ज्या गोष्टीने सभा वळली ती नदीची नव्हतीच, उन्हाळ्यातल्या टँकरची होती. शुद्ध केलेलं पाणी फ्लशला आणि बागेला वापरलं तर किती टँकर वाचतील हे ओव्हरसियरकाकांनी कागदावर मांडून आणलं होतं. ठराव झाला. माणसं कुठल्या कारणाने तयार होतात याची मला फिकीर नाही.

प्लँट सांभाळणारा मुलगा पंपाशेजारच्या खोलीत राहतो. लातूरकडचा आहे. दोन वर्षांत त्याला कुणी काही विचारलेलं नव्हतं. मी विचारलं तर तो एवढा भरभरून बोलायला लागला की मीच त्याच्यासमोर विद्यार्थिनी झाले. "काकू, टाकीत जीवाणू असतात, तेच घाण खातात. त्यांना सारखी हवा लागते. ब्लोअर बंद केला की गुदमरून मरतात. आता नुसतं बटण दाबून चालायचं नाही, विरजण लावावं लागेल." चालू असलेल्या दुसऱ्या प्लँटमधून टँकरभर गाळ आणून टाकीत सोडायचा, हवा चालू ठेवायची, मैलापाणी थोडंथोडं वाढवत न्यायचं. दही लागायला रात्र लागते, याला तीन-चार आठवडे. तो रोज सकाळी एक लिटरचा उभा काचेचा सिलिंडर टाकीतल्या पाण्याने भरायचा आणि अर्धा तास खिडकीत ठेवायचा. पहिल्या आठवड्यात नुसतंच गढूळ. मग तळाला बोटभर थर बसायला लागला. एके दिवशी त्याने मला हाक मारून बोलावलं. खाली पाव सिलिंडर तपकिरी, मऊ, कापसासारखा गाळ आणि वर आरपार दिसणारं पाणी, आणि मधली रेघ अगदी चाकूने कापल्यासारखी. वास बघितला. पहिल्या पावसानंतरच्या मातीचा. तो मुलगा जसा हसला, तसं प्रॅक्टिकलमध्ये पहिल्यांदा अचूक रीडिंग आलेलं पोर हसतं.

जोड तोडून पावसाळी गटाराचा तो पाइप बंद केला. फेब्रुवारीत सहा नंबरचं तोंड कोरडं पडलं. त्याच्या खाली दहा पावलांवर मी बाटली केली. पांढराच, पण अगदी पांढरा नाही. शेवटच्या पाण्याचा चहा दिसतो तसली छटा. मुलगी म्हणाली, "टीचर, हे तपकिरी धरायचं का?" टायट्रेशनचा आकडा वहीत लिहिला, माशाला पुरेल इतका तो मुळीच नव्हता. वरून बाकीची तोंडं चालूच आहेत.

मार्चमध्ये एक नवीनच गोष्ट झाली, आणि ती मला अजून पुरती सुटलेली नाही. आणखी दोन सोसायट्यांनी आपापले जोड तोडले आणि नदी बारीक झाली. काही ठिकाणी नुसते ओले दगड. येणारे-जाणारे मला विचारायला लागले, "तुम्ही नदी आटवली का?" खरं तर उन्हाळ्यात आपण जिला वाहती नदी समजत होतो, ते बहुतांश आपलंच सांडपाणी होतं. रामनदीचं स्वतःचं उन्हाळी पाणी झऱ्यांचं. पावसाळ्यात टेकड्यांमध्ये मुरलेलं पाणी बेसॉल्टच्या सच्छिद्र थरांतून महिनोन्महिने सावकाश झिरपत यायचं. बावधनला नदीकाठी तसा जिवंत झरा अजून आहे. पण टेकडीच्या उतारावर काँक्रीट, खाली शेकड्याने बोअरवेल, आणि काठाला उभी भिंत. भिंत बांधली की काठ सुंदर दिसतो असं पुष्कळांना वाटतं. मला भिंत दिसली की सासूबाईंचा तो रेतीतला खड्डा आठवतो. ते पाणी काठाच्या मातीतून नदीत येत होतं. मध्ये सिमेंट ओतलं तर येणार कुठून?

म्हणून या वर्षी आम्ही वहीत दुसरी यादी सुरू केली आहे: ओल कुठे कुठे आहे. मेच्या उन्हात सगळं करपलेलं असताना काठाचा जो तुकडा हिरवा असतो, जिथे अळू किंवा पाणकणीस आपोआप उगवलेलं असतं, तिथे खालून पाणी येतंय असं समजायचं. देवळाच्या खाली, धोंड्यांच्या वरच्या अंगाला, करंजाच्या मुळांशी तशी एक जागा सापडली आहे. ओव्हरसियरकाकांनी तिच्याभोवती दगड रचले, म्हणजे कुणी राडारोडा टाकणार नाही. मी हाताने खड्डा केला. पहिलं पाणी गढूळ आलं, उपसलं. दुसरं यायला बराच वेळ लागला. प्यायले नाही, आजूबाजूला इतकी वर्षं जे मुरलंय ते माहीत असताना पिणं बरोबर नाही. पण बोटं दिसत होती.

अकरा नंबरचं तोंड राहिलं आहे. ते नव्या भिंतीच्या मागे गेलंय आणि पाणी भिंतीच्या पायातून येतं, त्यामुळे कुठून येतं ते दिसत नाही. येत्या रविवारी रंग घेऊन जाणार आहोत, सकाळी साडेसहाला, देवळाच्या कमानीपाशी. येणाऱ्यांनी गमबूट घालून या आणि आपल्या इमारतीचं ड्रेनेजचं चेंबर आणि पावसाळी चेंबर कुठलं, ते वॉचमनदादांना विचारून या.